धुरकट काच, जाळी आणि मधाचं पोळं

छातीच्या सीटी स्कॅनचा रिपोर्ट एक-दीड पानाचा असतो. तो इंग्रजीत असतो, त्यातले बहुतेक शब्द डॉक्टरांनी डॉक्टरांसाठी लिहिलेले असतात आणि घरी आल्यावर त्यातला एकच शब्द सगळ्यांना कळतो : फायब्रोसिस. कुणीतरी तो मोबाइलवर शोधतं. तिथे ‘तीन ते पाच वर्षं’ असा आकडा दिसतो. मग घरातली माणसं हळू आवाजात बोलायला लागतात आणि ज्याचा रिपोर्ट असतो तो माणूस, कालपर्यंत जिना नीट चढत असला तरी, स्वतःचा श्वास मोजायला लागतो.

हा लेख त्या दीड पानाबद्दल आहे. मी डॉक्टर नाही. वाणिज्य शाखेची पदवी घेऊन हिशेबनिसाची नोकरी केली आणि उरलेल्या वेळात गिरणगावातल्या आजारांविषयी जे मिळेल ते वाचत, टिपत आले. वडील गिरणीत कार्डिंग खात्यात होते, आई वाइंडिंग खात्यात. घोडपदेवच्या चाळीत खोकल्याच्या आवाजावरून माणूस ओळखता यायचा, त्यामुळे हा विषय मला शोधावा लागला नाही. नऊ वर्षांपूर्वी मला रुमॅटॉइड आर्थ्रायटिस झाल्याचं निदान झालं आणि चार वर्षांपूर्वी छातीचा पहिला स्कॅन झाला. त्याच्या निष्कर्षात तीन गोष्टी होत्या. दोन्ही फुप्फुसांच्या तळाशी, मागच्या बाजूला बारीक जाळी. तिथेच थोडी ‘ग्राउंड ग्लास’. आणि उजव्या फुप्फुसाच्या शिखराशी फायब्रोसिसचे पट्टे. या तीन ओळींचा अर्थ लावताना जे वाचलं आणि डॉक्टरांना विचारून जे कळलं, ते इथे क्रमाने मांडते आहे.

‘स्कोअर’ची सवय

एचआरसीटी हे नाव आपल्या घराघरांत पोचलं ते २०२० आणि २०२१ साली. करोनाच्या काळात ‘स्कोअर किती आला?’ हा प्रश्न ‘जेवलात का?’ इतक्या सहज विचारला जात होता. फुप्फुसाचे पाच खंड, प्रत्येकाला जास्तीत जास्त पाच गुण, एकूण पंचवीस. आकडा जितका मोठा तितकी काळजी मोठी.

त्या सवयीने आपण आजही स्कॅनकडे परीक्षेच्या निकालासारखं बघतो. करोनातला स्कोअर एका तीव्र आजाराची त्या दिवशीची व्याप्ती सांगत होता. बऱ्याच जणांच्या फुप्फुसांतली ती धूसर छटा पुढच्या काही महिन्यांत विरलीही. ऑटोइम्यून आजारात, म्हणजे शरीराची संरक्षक यंत्रणा स्वतःच्याच पेशींवर उलटते त्या आजारात, फुप्फुसातला बदल बहुधा सावकाश होतो. तो वर्षांच्या हिशेबात मोजावा लागतो. त्यामुळे एका स्कॅनवरून निकाल लावता येत नाही. एक स्कॅन म्हणजे वहीतली एक नोंद, आणि जमाखर्च लिहिणाऱ्या कुणालाही ठाऊक असतं की एका नोंदीवरून धंदा नफ्यात आहे की तोट्यात हे सांगता येत नाही.

यंत्र काय मोजतं

विल्हेल्म रोंटगेनला १८९५ च्या नोव्हेंबरात क्ष-किरण सापडले. त्यानंतर पाऊण शतक छातीच्या आत बघण्याचं मुख्य साधन म्हणजे साधा एक्स-रे. त्याची अडचण अशी की तो सगळ्या छातीची एकच सावली पाडतो. बरगड्या, हृदय, रक्तवाहिन्या, फुप्फुसाचा पुढचा आणि मागचा भाग, सगळं एकावर एक. फुप्फुसातला सुरुवातीचा बारीक बदल त्या गर्दीत हरवतो. ‘एक्स-रे क्लिअर आहे’ या वाक्यावर म्हणूनच पूर्ण भिस्त ठेवता येत नाही.

ब्रिटनमधल्या ईएमआय कंपनीतल्या गॉडफ्रे हाउन्सफील्ड या अभियंत्याने ही गर्दी फोडली. १ ऑक्टोबर १९७१ रोजी लंडनजवळच्या अ‍ॅटकिन्सन मॉर्ली रुग्णालयात त्याच्या यंत्राने पहिल्या रुग्णाच्या मेंदूचा स्कॅन झाला. या कामासाठी १९७९ साली त्याला अ‍ॅलन कॉरमॅक यांच्याबरोबर नोबेल मिळालं. सीटीचं यंत्र अनेक कोनांतून किरण सोडतं आणि शरीराचा आडवा काप गणिताने उभा करतं. एचआरसीटीत हे काप एक ते दीड मिलिमीटर इतके पातळ असतात.

त्या कापातला प्रत्येक ठिपका म्हणजे मुळात एक आकडा असतो. हाउन्सफील्डच्याच नावाने ओळखल्या जाणाऱ्या मोजपट्टीवर पाणी शून्य, हवा उणे एक हजार आणि हाड अधिक काहीशे. निरोगी फुप्फुसात हवाच जास्त, म्हणून त्याचा आकडा उणे आठशेच्या आसपास असतो आणि चित्रात ते काळं दिसतं. हवेची जागा पाण्याने, पेशींनी किंवा व्रणाच्या धाग्यांनी घेतली की आकडा वर सरकतो आणि तो भाग करडा किंवा पांढरा दिसतो.

यातून एक महत्त्वाची गोष्ट निघते. यंत्राला फक्त घनता कळते. ‘इथे हवा कमी आहे’ एवढं ते सांगतं. हवा का कमी आहे, हे ते सांगत नाही. ते सूज असू शकतं, पाणी असू शकतं, जंतुसंसर्ग असू शकतो, औषधाचा परिणाम असू शकतो, नाहीतर पूर्ण श्वास न भरल्यामुळे फुप्फुसाचा तो भाग नीट फुगलाच नसेल.

सांध्यांचा आजार छातीत कसा

‘दुखतात बोटं, आणि फोटो छातीचा कशाला?’ असं मला शेजारच्या मावशींनी विचारलं होतं. प्रश्न रास्त आहे. रुमॅटॉइड आर्थ्रायटिसला आपण संधिवात म्हणतो, त्यामुळे तो सांध्यांपुरताच आहे असं वाटतं. महाराष्ट्रात त्याची मोजदाद झाली आहे. १९९६ साली पुणे जिल्ह्यातल्या भिगवणमध्ये डॉ. अरविंद चोप्रा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी घरोघर जाऊन सांधेदुखीची पाहणी सुरू केली. हाडा-सांध्यांचं दुखणं गावात भरपूर, पण खरा रुमॅटॉइड शंभरात एकाहूनही कमी, असं त्यात दिसलं.

या आजारात शरीर स्वतःच्याच प्रथिनांविरुद्ध प्रतिपिंडं बनवतं. ती रक्तातून सगळीकडे फिरतात. फुप्फुसात हवेच्या सूक्ष्म पिशव्या असतात आणि त्यांच्यामध्ये अतिशय नाजूक पडदा असतो. त्याला इंटरस्टिशियम म्हणतात. प्राणवायू या पडद्यातूनच रक्तात जातो. तिथे सूज आली किंवा व्रण झाला की पडदा जाड होतो. या प्रकारच्या आजारांना मिळून इंटरस्टिशियल लंग डिसीज, थोडक्यात आयएलडी, म्हणतात. १९४८ साली एलमन आणि बॉल या ब्रिटिश डॉक्टरांनी सांधे आणि फुप्फुसं एकाच आजाराने धरलेल्या रुग्णांची नोंद प्रसिद्ध केली, आणि तेव्हापासून हा संबंध वैद्यकीय लिखाणात आला.

रुमॅटॉइडच्या दर दहा रुग्णांपैकी साधारण एकाला त्रासदायक आयएलडी होतो. हा आजार बायकांत जास्त असला तरी फुप्फुसाचा धोका पुरुषांत, धूम्रपान करणाऱ्यांत आणि उतारवयात अधिक दिसतो. स्क्लेरोडर्मा, म्हणजे त्वचा कडक करणाऱ्या आजारात, हे प्रमाण बरंच जास्त आहे. मायोसायटिस आणि शोग्रेन या आजारांतही फुप्फुस सापडतं. म्हणूनच अमेरिकेतल्या सांधेतज्ज्ञांच्या आणि छातीच्या डॉक्टरांच्या संघटनांनी २०२३ साली जाहीर केलेल्या मार्गदर्शक सूचनांत म्हटलं आहे की, ज्यांना धोका अधिक त्यांची त्रास सुरू होण्याआधीच एचआरसीटी आणि श्वासाच्या चाचण्यांनी तपासणी करावी. तपासणीसाठी साध्या एक्स-रेवर अवलंबून राहू नये, असंही त्यांनी सुचवलं आहे.

चार शब्द

रिपोर्टातले शब्द बरेच असले तरी चार कळले की निम्मं काम होतं.

पहिला, ग्राउंड ग्लास. न्हाणीघराच्या खिडकीला बसवतात तशी धुरकट काच. फुप्फुसाचा भाग करडा झालेला असतो, पण त्यातून रक्तवाहिन्यांच्या रेषा दिसत राहतात. ही बहुधा सूज असते आणि सूज औषधाने उतरू शकते. पण ‘बहुधा’ हा शब्द विसरायचा नाही. धुरकट भागात जाळीही मिसळलेली असेल, तर तो डोळ्यांना न दिसणारा बारीक व्रणही असू शकतो.

दुसरा, रेटिक्युलेशन, म्हणजे जाळी. पडदे जाड झाल्यामुळे बारीक रेषांचं विणकाम दिसतं. हे व्रणाकडे बोट दाखवतं.

तिसरा, ट्रॅक्शन ब्राँकिएक्टॅसिस. नाव भयंकर, अर्थ साधा. व्रण आकसतो आणि आकसताना शेजारच्या श्वासनलिकेला ओढून रुंद करतो. भाजल्याचा डाग सुकताना आजूबाजूची कातडी खेचतो, तसंच. हा शब्द असेल तर व्रण खरा आहे असं समजायचं.

चौथा, हनीकोम्बिंग, मधाचं पोळं. फुप्फुसाच्या कडेला एकाला एक लागून हवेच्या पोकळ्या तयार झालेल्या असतात. तिथली मूळ रचना मोडलेली असते आणि ती परत येत नाही. डॉक्टर या शब्दाला सगळ्यांत गांभीर्याने घेतात.

या चार गोष्टी कुठे आहेत आणि कशा पसरल्या आहेत त्यावरून नमुना ठरतो. यूआयपी नावाच्या नमुन्यात जाळी आणि पोळं कडेला व तळाशी असतं. एनएसआयपी नावाच्या नमुन्यात धुरकटपणा जास्त आणि पसरण एकसारखी. स्क्लेरोडर्मा आणि मायोसायटिसमध्ये एनएसआयपी अधिक आढळतो. रुमॅटॉइडमध्ये मात्र यूआयपीचं प्रमाण मोठं आहे, आणि तो नमुना अधिक हट्टी असतो. ही गोष्ट गोड करून सांगण्यात अर्थ नाही.

आता तो ‘तीन ते पाच वर्षं’ हा आकडा. तो आयपीएफ या वेगळ्या आजाराचा आहे. त्यात कारण सापडत नाही आणि तो आकडाही मुख्यतः व्रणरोधक औषधं येण्याआधीच्या रुग्णांवरून काढलेला आहे. रुमॅटॉइडच्या किंवा स्क्लेरोडर्माच्या रुग्णाने तो स्वतःला लावून घेऊ नये. अनेकांच्या फुप्फुसातली बारीक जाळी वर्षानुवर्षं आहे तेवढीच राहते. काहींची वाढते. कुणाची वाढेल हे पहिल्या रिपोर्टात लिहिलेलं नसतं.

पालथं झोपून, आणि फुंकर मारून

माझ्या रिपोर्टातली जाळी तळाशी आणि मागच्या बाजूला होती. स्कॅनच्या वेळी आपण उताणे झोपतो. फुप्फुसाचा मागचा खालचा भाग तेव्हा वजनाने दबतो आणि चित्रात करडा दिसू शकतो. रुमॅटॉइडचा किंवा स्क्लेरोडर्माचा आजारही नेमका तिथेच सुरू होतो. मग खरा आजार कोणता आणि नुसता दाब कोणता? उपाय साधा आहे : रुग्णाला पालथं झोपवून पुन्हा काही काप घ्यायचे. दाब असेल तर करडेपणा जातो, आजार असेल तर राहतो. माझ्या सांधेतज्ज्ञ बाईंनी हे करून घेतलं. धुरकटपणा बराचसा गेला, जाळी राहिली. म्हणजे तीनपैकी एक ओळ जवळजवळ पुसली गेली आणि दुसरी पक्की झाली.

मग श्वासाच्या चाचण्या झाल्या. एफव्हीसी म्हणजे पूर्ण श्वास भरून जोराने सोडलेल्या हवेचं एकूण माप. डीएलसीओ म्हणजे त्या नाजूक पडद्यातून वायू रक्तात किती सहज जातो याचं माप. स्कॅन फुप्फुसाची बांधणी दाखवतो, या चाचण्या त्याचं काम दाखवतात. दोन्हींचा मेळ लागलाच पाहिजे असं नाही. स्कॅनमध्ये बरंच दिसणारा माणूस चाळीचे चार मजले चढतो, आणि कमी दिसणाऱ्याला दम लागतो.

दोन्ही एकत्र वाचायची रीत २००८ साली लंडनमधल्या डॉक्टरांनी स्क्लेरोडर्मासाठी सुचवली. स्कॅनमध्ये फुप्फुसाचा २० टक्क्यांहून स्पष्टपणे कमी भाग धरलेला असेल तर आजार मर्यादित, स्पष्टपणे जास्त असेल तर विस्तृत. आणि नजरेने ठरवता येत नसेल तर एफव्हीसी ७० टक्क्यांच्या वर आहे की खाली, ते बघायचं. ही कसोटी स्क्लेरोडर्मासाठीची आहे, पण तिच्यातला विचार सगळीकडे उपयोगी पडतो.

व्रण वाढतो आहे हे कधी म्हणायचं, त्याच्याही कसोट्या २०२२ मध्ये आंतरराष्ट्रीय संघटनांनी ठरवल्या आहेत. वर्षभरात तीनपैकी दोन गोष्टी घडाव्या लागतात : त्रास वाढणं, एफव्हीसी ५ अंकांनी किंवा डीएलसीओ १० अंकांनी घसरणं, आणि स्कॅनमध्ये व्रण वाढलेला दिसणं. इथे दुसरा स्कॅन पहिल्याशेजारी ठेवून बघावा लागतो. रिपोर्टाची भाषा रिपोर्टाशी ताडून चालत नाही, कारण एका डॉक्टरची ‘किंचित जाळी’ दुसऱ्याची ‘सुरुवातीचं फायब्रोसिस’ असू शकते. चित्र चित्राशी ताडायचं. म्हणून सीडी जपून ठेवायची. आमच्याकडे रेशनकार्डाच्या पिशवीतच ती असते.

घोडपदेवची फुप्फुसं

तिसरी ओळ राहिली : उजव्या शिखराशी फायब्रोसिसचे पट्टे. शब्द तोच, पण हकिकत निराळी. एकोणिसाव्या वर्षी मला क्षय झाला होता आणि औषधांचा कोर्स पुरा करून तो बरा झाला. क्षय बहुधा फुप्फुसाच्या वरच्या भागात घर करतो आणि जाताना डाग ठेवून जातो. शिखराशी असलेलं जुनं फायब्रोसिस म्हणजे भरून आलेली जखम. तळाशी असलेली जाळी म्हणजे चालू असू शकणारा आजार. रिपोर्टात दोन्हींना एकच शब्द वापरला जातो. मुंबईत, आणि त्यातही शिवडीचं क्षयरोग रुग्णालय ज्यांच्या बोलण्यात रोज येतं त्या आमच्या वस्तीत, हा फरक समजणं फार गरजेचं आहे.

गोंधळ दोन्ही बाजूंनी होतो. आयएलडीच्या रुग्णाला क्षय समजून महिनोन्‌महिने क्षयाची औषधं दिली गेल्याचं भारतातल्या डॉक्टरांनी वारंवार लिहिलं आहे. उलट बाजूला, रुमॅटॉइडसाठी जी नवी इंजेक्शनं आहेत, त्यांतली टीएनएफ या रेणूला अडवणारी औषधं शरीरात झोपलेला क्षय जागा करू शकतात. २००१ सालीच हा धोका स्पष्टपणे नोंदला गेला. म्हणून अशी औषधं सुरू करण्याआधी क्षयाची चाचणी करतात आणि शिखराशी असलेल्या जुन्या डागाची चौकशी होते. माझ्या बाबतीत इंजेक्शन कोणतं द्यायचं हे ठरवताना त्या तिसऱ्या ओळीने तळाच्या जाळीइतकंच वजन टाकलं.

क्षयाशिवाय आमच्याकडे आणखी बरंच काही श्वासातून आत गेलं आहे. पश्चिमेला गिरण्या, पूर्वेला कॉटन ग्रीनची कापसाची गोदामं, रे रोडला दारूखान्यात जुनी जहाजं तोडण्याचं काम. कापसाच्या धुळीने होणाऱ्या आजाराला बिसिनोसिस म्हणतात. सुट्टीनंतर सोमवारी कामावर गेलं की छाती आवळायची आणि आठवडा पुढे सरकला की हलकी व्हायची. धूळ गुळाने उतरते अशी समजूत होती, म्हणून वडिलांच्या खिशात गुळाचा खडा असायचा. हा मुख्यतः श्वासनलिकांचा आजार आहे आणि त्याची खास अशी खूण एक्स-रेवर उमटत नाही. कामगार नुकसानभरपाईच्या कायद्यातल्या व्यवसायजन्य आजारांच्या यादीत बिसिनोसिस आहे. पण ज्याचा फोटो ‘साफ’ येतो त्याने तो सिद्ध कसा करायचा? निदान उभं राहायचं ते कामगाराच्या बोलण्यावर : कोणतं खातं, किती वर्षं, सोमवारी काय होतं. परळच्या केईएम रुग्णालयातले डॉ. एस. आर. कामत आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गिरणी कामगारांची आणि लालबागसारख्या वस्त्यांतल्या रहिवाशांची फुप्फुसं तपासली ती अशीच, चाचणीबरोबर विचारपूस करून.

कापसाची धूळ आणि ऑटोइम्यून आजार यांचा काही संबंध आहे का? धूळ आणि रुमॅटॉइड यांची गाठ जुनी आहे. १९५३ साली अँथनी कॅप्लन या डॉक्टरांनी वेल्समधल्या कोळसा खाणकामगारांत रुमॅटॉइड असलेल्यांच्या एक्स-रेवर गोल गाठींचा वेगळाच नमुना दिसतो, असं दाखवलं. १९५७ मध्ये इरॅस्मस यांनी दक्षिण आफ्रिकेतल्या सोन्याच्या खाणींत काम करणाऱ्यांमध्ये स्क्लेरोडर्मा नोंदवला. तिथे दोष सिलिकाच्या धुळीकडे जातो. कापडाच्या धुळीबद्दलचा मोठा पुरावा मलेशियातून आला. तिथे रुमॅटॉइड नुकताच झालेल्या ९१० स्त्रियांची तेवढ्याच निरोगी स्त्रियांशी तुलना केली गेली. कापडाच्या धुळीत काम केलेल्यांमध्ये या आजाराचा धोका जवळजवळ तिप्पट आढळला. एका अभ्यासाने कारण सिद्ध होत नाही, पण वाइंडिंग खात्यात आयुष्य काढलेल्या बायकांच्या वाकड्या बोटांकडे यानंतर मी निराळ्या नजरेने बघते.

आता गिरण्या नाहीत, कबुतरं आहेत. २०२५ च्या ऑगस्टमध्ये दादरच्या कबुतरखान्यावर ताडपत्री पडली आणि शहरभर वाद पेटला. त्या वादात फुप्फुसाच्या ज्या आजाराचा उल्लेख होत होता तो हायपरसेन्सिटिव्हिटी न्यूमोनायटिस. पक्ष्यांची पिसं, विष्ठा, बुरशी यांतल्या कणांविरुद्ध शरीर चवताळतं आणि तोच नाजूक पडदा सुजतो. स्कॅनमध्ये तेच शब्द येतात : ग्राउंड ग्लास, जाळी, ट्रॅक्शन. फरक दाखवणाऱ्या काही खुणा असतात. उदाहरणार्थ, श्वास सोडून घेतलेल्या कापांत हवा अडकून राहिलेले काळे तुकडे. पण त्या प्रत्येकात स्पष्ट नसतात. २०१२ ते २०१५ या काळात भारतातल्या १९ शहरांतल्या २७ केंद्रांनी मिळून आयएलडीच्या १,०८४ रुग्णांची नोंद केली. त्यात ४७ टक्के रुग्ण या न्यूमोनायटिसचे निघाले आणि सुमारे १४ टक्के ऑटोइम्यून आजारांचे. पाश्चात्त्य पुस्तकांत आयपीएफला जे मोठं स्थान असतं ते इथे नव्हतं. रुग्णांना घरातल्या आणि कामातल्या गोष्टी बारकाईने विचारल्या गेल्या, हे या आकड्यांमागचं एक कारण आहे.

दोन्ही कारणं एकाच माणसात असू शकतात. खिडकीत कबुतरं आणि रक्तात रुमॅटॉइडची प्रतिपिंडं. उपचार मात्र वेगळे. न्यूमोनायटिसमध्ये पहिलं औषध म्हणजे कबुतरांपासून सुटका. काही ऑटोइम्यून आयएलडीत मायकोफेनोलेटसारखी संरक्षक यंत्रणेला आवर घालणारी औषधं देतात. व्रण वाढतच असेल तर निनटेडानिबसारखी औषधं. ती व्रण पुसत नाहीत, त्याची वाढ मंदावतात. स्क्लेरोडर्माच्या फुप्फुसासाठी पहिला उपचार म्हणून स्टिरॉइड देऊ नये असं त्या २०२३ च्या सूचना ठामपणे सांगतात, कारण मोठ्या मात्रेने मूत्रपिंडं धोक्यात येऊ शकतात. चित्रातला शब्द एक असला तरी आजार बदलला की औषध बदलतं.

‘व्यवसाय’ या रकान्यात

म्हणून आज कठीण आयएलडीचं निदान एकट्या माणसाने करू नये असं मानतात. छातीचे डॉक्टर, सांधेतज्ज्ञ आणि स्कॅन वाचणारे रेडिओलॉजिस्ट एकत्र बसून ठरवतात. मोठ्या रुग्णालयांत हे होतं. लहान ठिकाणी मात्र रेडिओलॉजिस्टला रुग्ण दिसतच नाही. त्याच्यापुढे असतात चित्रं आणि एका ओळीची चिठ्ठी : ‘खोकला, तीन महिने.’ रुमॅटॉइडचा उल्लेख नाही, जुन्या क्षयाचा नाही, कामाचा नाही. मग तोही मोघम लिहितो, आणि तो मोघम शब्द घरात येऊन घाबरवतो.

माझ्या आईने वाइंडिंग खात्यात चौदा वर्षं काढली. १९८२ च्या संपानंतर ते काम गेलं ते गेलंच. शेवटच्या काही वर्षांत तिला दम लागायचा, बोटं सकाळी उघडायची नाहीत. तिच्या केसपेपरवर ‘व्यवसाय’ या रकान्यात ‘गृहिणी’ लिहिलेलं होतं. ते लिहिणाऱ्याला दोष द्यावा असं मला वाटत नाही. रांग मोठी होती आणि विचारलं तेव्हा ती खरोखर घरीच होती. पण त्या एका शब्दाने चौदा वर्षांची धूळ कागदावरून नाहीशी झाली. तिच्या फुप्फुसात काय होतं, ते आता कुणालाच सांगता येणार नाही.

गिरणगावातली अशी माणसं आता सत्तरी-ऐंशीत आहेत. त्यांची मुलं पन्नाशीत आहेत आणि त्यांचे स्कॅन निघू लागले आहेत. म्हणून स्कॅनला जाताना एका साध्या कागदावर मराठीत एवढं लिहून न्यावं : ऑटोइम्यून आजाराचं नाव आणि तो कधीपासून आहे, चालू औषधं, क्षय झाला होता का, कधी, कोर्स पुरा झाला का, कुठे कुठे काम केलं, कोणत्या खात्यात, किती वर्षं, विडी-सिगारेट, मिसरी, चूल, घरात किंवा खिडकीत कबुतरं, ओल, बुरशी. हा कागद स्कॅनच्या चिठ्ठीला टाचून द्यायला सांगावं.

आणि रिपोर्ट आल्यावर डॉक्टरांना पाच प्रश्न विचारावेत. हा बदल कुठे आहे, वर की तळाशी? सूज जास्त आहे की व्रण? साधारण किती भाग धरला आहे? जुन्या स्कॅनशी ताडून पाहिलं का? श्वासाच्या चाचण्या काय म्हणतात? एफव्हीसी-डीएलसीओ झालेल्या नसतील तर त्या कधी करायच्या, तेही विचारावं. पुढचा स्कॅन कधी, हे मात्र डॉक्टरांवर सोडावं. छातीच्या सीटीतून काही मिलिसिव्हर्ट किरणोत्सर्ग मिळतो आणि निसर्गातून आपल्याला वर्षाला सरासरी २.४ मिळतोच, म्हणून घाबरायचं कारण नाही, पण मनाच्या समाधानासाठी दर तीन महिन्यांनी स्कॅन काढायचंही नाही. रिपोर्टातला शब्द वाचून मेथोट्रेक्सेटसारखं चालू औषध आपल्या मनाने बंद करू नये. त्याने क्वचित फुप्फुसाला अचानक सूज येते हे खरं आहे, पण सावकाश वाढणाऱ्या व्रणाचा दोष त्याच्यावर टाकता येत नाही, असं अलीकडचे अभ्यास सांगतात. अचानक दम वाढला, ताप आला तर मात्र त्याच दिवशी डॉक्टरांना गाठावं.

माझे आतापर्यंत तीन स्कॅन झाले. जाळी आहे तेवढीच आहे. एफव्हीसी टिकून आहे, डीएलसीओ थोडा कमी आहे. पुढे काय होईल ते मला माहीत नाही, डॉक्टरांनाही नाही, आणि ते तसं स्पष्ट सांगतात याचं बरं वाटतं. माझ्या केसपेपरवर ‘व्यवसाय’ या रकान्यात हिशेबनीस असं लिहिलेलं आहे. त्याखाली, रकान्याबाहेर, डॉक्टरांनी माझ्या सांगण्यावरून एक ओळ वाढवली आहे : बालपण गिरणगावात, आईवडील दोघंही गिरणीत, वयाच्या एकोणिसाव्या वर्षी क्षय. रेडिओलॉजिस्ट आता स्कॅन वाचताना ती ओळ आधी वाचतात.